खोटा दावा आणि खर्चाची भरपाई

ता. १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत जमलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. त्यांचा मुख्य रोख कर्जखतांवर होता. हातीं लागलेलीं खतें त्यांनीं जाळून टाकिलीं. या दंग्याचें कारण सावकारी व्याज, एवढेंच पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु दिवाणी कोर्टाचा वांटाही त्यांत लहान नव्हता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जाच्या दाव्यास तीन वर्षांची मुदत पडली. तेव्हांपासून सावकार दर तीन वर्षांनीं व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत लिहवून घेई, नाहीं तर दावा लावी. कूळ बहुधा कोर्टांत हजर होत नसे; एकतर्फी हुकूमनामा होई आणि मुद्दल-व्याजाच्या जोडीस दाव्याचा खर्चही कुळाच्याच माथीं बसे. आदल्याच वर्षीं, डिसेंबर १८७४ मध्यें, शिरूर तालुक्यांतील कर्डे गांवीं काळूराम सावकारानें दीडशें रुपयांच्या हुकूमनाम्याच्या जोरावर बाबासाहेब देशमुखांचें घर पाडण्याचा घाट घातला होता. पुढें १८७९ च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टानें खताच्या मागचा सारा देण्याघेण्याचा इतिहास तपासण्याचें काम न्यायाधीशाकडे सोंपविलें.

आतां कोर्टाचा कागद शेजाऱ्यावर व भाऊबंदावर धरिला जातो. बांध, वहिवाटीची वाट, सामाईक विहिरीची पाळी, वांटणी, हे त्याचे विषय. यांपैकीं खरे तंटे असतातच. त्यांविषयीं आमची तक्रार नाहीं. पण आपली बाजू खोटी आहे हें पक्कें ठाऊक असतांही, समोरच्यास बारामतीच्या फेऱ्या घालावयास लावून जेरीस आणावें, एवढ्यासाठींच कांहीं दावे लागतात. त्यांचें काय?

हरणारानें जिंकणाराचा खर्च द्यावा, न देवविल्यास न्यायाधीशानें कारण लिहावें, असें दिवाणी प्रक्रिया संहितेचें कलम ३५ सांगतें. मात्र या खर्चांत वकिलाची फी कोष्टकानें धरतात. खिशांतून गेलेली रक्कम त्याहून पुष्कळ मोठी असते. ऐन पेरणींत बुडालेला दिवस तर कोठेंच धरला जात नाहीं. १९२२ सालीं कलम ३५-अ आलें. दावा वा बचाव खोटा किंवा केवळ त्रासासाठीं आहे हें तो करणारास ठाऊक होतें, असें ठरल्यास भरपाई देवविण्याचा अधिकार त्यानें कोर्टास दिला. मर्यादा एक हजार रुपये. १९७६ च्या दुरुस्तीनें ती तीन हजार झाली. त्या रकमेस आज कोण भितो! सर्वोच्च न्यायालयानेंही २०११ सालीं संजीवकुमार जैन खटल्यांत ही मर्यादा निदान एक लाख असावी असें सुचविलें.

मर्यादा वाढावी हें आम्हांस मान्य आहे. पण सुप्याची आठवण ठेवून. खर्चाच्या भयानें त्या काळीं मागें सरला तो गरीबच. पुरावा तोकडा पडून प्रामाणिक माणूसही हरतो. त्याच्यावर हा दंड बसूं नये. 'ठाऊक असतां' हा शब्द कायद्यांत आहे तो याचसाठीं, आणि तो ढिला करूं देतां कामा नये.

ज्यांच्यावर असा दावा लागला असेल त्यांनीं एक गोष्ट करावी. समन्स पोंचल्यापासून तीस दिवसांत कैफियत द्यावयाची असते. तींतच दावा जाणूनबुजून खोटा आहे अशी हरकत स्पष्ट लिहून कलम ३५-अ प्रमाणें भरपाई मागावी. ही हरकत नोंदलेली असली म्हणजे वादीनें चार वर्षांनीं दावा मुकाट्यानें काढून घेतला तरी भरपाई मागतां येते. एरव्हीं ती संधि जाते. प्रवासाच्या, नकलांच्या व मोजणीच्या पावत्या जपून ठेवाव्या. विरुद्ध पक्ष तारखा वाढवीत राहिल्यास कलम ३५-ब खालीं त्या त्या दिवसाचा खर्च मागावा. तो भरल्याखेरीज त्यास पुढें काम चालवितां येत नाहीं. अपिलांत मात्र ३५-अ लागू नाहीं, यास्तव ही मागणी पहिल्याच कोर्टांत व्हावी.