राखीव प्रत, संगणकीय

राखीव प्रत, संगणकीय : संगणकात साठविलेला मजकूर, छायाचित्रे, हिशेब इ. माहितीची मूळ जागेहून वेगळ्या जागी ठेवलेली दुसरी प्रत. व्यवहारात हिला बॅकअप म्हणतात. यंत्रातील बिघाड, चोरी, आग, पूर किंवा हाताची चूक यांमुळे मूळ माहिती नष्ट झाल्यास ती या प्रतीवरून पुन्हा उभी करता येते. या क्रियेस पुनःस्थापन म्हणतात. घरगुती संगणकाच्या बाबतीत प्रत घेतलेली असूनही ऐनवेळी ती सापडत नाही किंवा सापडली तरी उघडत नाही, असे वारंवार घडते. त्याची कारणे व उपाय यांचा विचार प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे केला आहे.

पार्श्वभूमी : महत्त्वाच्या लेखनाच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवण्याची प्रथा संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. ज्या पोथ्यांच्या नकला अनेक मठांत व घराण्यांत पोहोचल्या, त्या एका ठिकाणच्या आगीने वा वाळवीने नामशेष झाल्या नाहीत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडून असंख्य घरे पाण्याखाली गेली. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत शासकीय फायली जळाल्या. मूळ व नकल एकाच छपराखाली असल्यास दोहोंचा नाश एकदम होतो, हे अशा आपत्तींतून दिसून येते. याउलट १९९८ मध्ये अमेरिकेतील पिक्सार कंपनीत टॉय स्टोरी २ या चित्रपटाच्या फायली चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या व कंपनीची राखीव प्रतही सदोष निघाली, तेव्हा गॅलिन ससमन यांच्या घरच्या संगणकावरील प्रतीमुळे काम वाचले. तान्ह्या मुलामुळे त्या घरून काम करीत असत.

प्रकार : प्रत घेण्याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत. पूर्ण प्रतीत सर्व फायली दर वेळी उतरविल्या जातात. वाढीव प्रतीत मागील प्रतीनंतर बदललेल्या फायलीच तेवढ्या घेतात. फरकाच्या प्रतीत शेवटच्या पूर्ण प्रतीनंतरचे सर्व बदल येतात. वाढीव प्रती साखळीसारख्या असतात. मधली एक कडी हरवली वा बिघडली, तर तिच्यापुढील प्रतींवरून पुनःस्थापन करता येत नाही. जागा कमी पडते म्हणून जुन्या प्रती हाताने पुसणाऱ्यांना हा धोका विशेष असतो. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह यांसारख्या सेवा मुख्यतः समकालन करतात, म्हणजे संगणकावर केलेला बदल दूरच्या साठ्यातही करतात. त्यामुळे एका ठिकाणी पुसलेली फाइल दुसऱ्या ठिकाणीही पुसली जाते.

प्रत न सापडण्याची कारणे : (१) विंडोज प्रणालीत प्रत्येक साठवण विभागास एक अक्षर दिलेले असते. बाह्य डिस्क पुन्हा जोडताना ते बदलल्यास ठरावीक वेळी प्रत घेणाऱ्या कार्यक्रमास आपले ठिकाण सापडत नाही आणि महिनोन्‌महिने नवी प्रत घेतली जात नाही. (२) घरगुती संगणकात एकाच डिस्कचे सी व डी असे भाग पाडलेले असतात. डी भागात ठेवलेली प्रत वेगळी वाटली, तरी डिस्क बिघडताच दोन्ही भाग एकदम जातात. (३) विंडोजमधील फाइल हिस्टरी ही सोय मूलतः डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारख्या ठरावीक संचिकांचीच प्रत घेते. अन्यत्र ठेवलेल्या फायली तीत येत नाहीत. (४) वनड्राइव्ह चालू केल्यावर डॉक्युमेंट्सची जागाच बदलू शकते व जुनी संचिका रिकामी दिसते. (५) विंडोज पूर्ण यंत्राची प्रत विंडोजइमेजबॅकअप या नावाच्या संचिकेत ठेवते. तिचे नाव बदलल्यास किंवा ती दुसऱ्या संचिकेत हलविल्यास पुनःस्थापन कार्यक्रमास ती ओळखता येत नाही. नाव व जागा पूर्ववत करताच ती पुन्हा दिसते. (६) पेनड्राइव्हमधून पसरणारे काही व्हायरस मूळ संचिका लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवतात. अशा वेळी माहिती बहुधा शाबूत असते. व्हायरस काढून लपविलेल्या फायली दाखविण्याची आज्ञा द्यावी लागते.

प्रत न उघडण्याची कारणे : विंडोज नव्याने बसविल्यावर वापरणाऱ्याचे नाव तेच असले, तरी त्याची अंतर्गत ओळख बदलते व जुन्या फायली प्रवेश नाकारतात. प्रशासकाच्या अधिकाराने मालकी बदलल्यास त्या उघडतात. सांकेतिकीकरण केलेल्या डिस्कची गोष्ट निराळी आहे. बिटलॉकरने बंद केलेली डिस्क परवलीचा शब्द अथवा ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली यांवाचून तज्ञालाही उघडता येत नाही. ही किल्ली पुष्कळदा मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते, म्हणून प्रथम तेथे पाहावे. मॅक संगणकाच्या पद्धतीने आखणी केलेली डिस्क विंडोजला आपण होऊन वाचता येत नाही. विंडोज एक्सपीवर घेतलेल्या बीकेएफ प्रती पुढील आवृत्त्यांतील बॅकअप कार्यक्रमांना उघडता येत नाहीत. त्यांसाठी वेगळा कार्यक्रम लागतो.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती इ. आज्ञावलींत अक्षरांचे संकेत त्या त्या टंकापुरते ठरविलेले असत. अशी फाइल सुखरूप मिळाली, तरी मूळ टंक नसल्यास तीत अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात. फाइल खराब झाली असे समजून ती पुसून टाकू नये. योग्य टंक बसविल्यास किंवा परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणल्यास तो पुन्हा वाचता येतो.

शोधाचा क्रम : प्रथम त्या डिस्कवर नवे काहीही लिहू नये. चुंबकीय डिस्कवर पुसलेल्या फाइलीची जागा दुसऱ्या मजकुराने व्यापली जाईपर्यंत ती परत मिळण्याची शक्यता असते. घन-अवस्था डिस्कवर मात्र ती जागा थोड्याच वेळात खरोखर रिकामी केली जाते. डिस्कची नव्याने आखणी करावी काय, असे संगणकाने विचारल्यास नकार द्यावा. त्यानंतर दुसरी तार, दुसरे द्वार व शक्य तर दुसरा संगणक वापरून पाहावा. डिस्क व्यवस्थापनात ती अक्षरावाचून दिसत असल्यास अक्षर द्यावे. डिस्कमधून टकटक आवाज येत असल्यास वा तिची क्षमता चुकीची दिसत असल्यास ती तत्काळ बंद करून माहिती-पुनर्प्राप्तीच्या प्रयोगशाळेकडे द्यावी; पुनःपुन्हा चालू केल्याने चकतीचा पृष्ठभाग खरवडला जातो. डिस्क ठीक असल्यास केवळ नावावर विसंबून न राहता तारखेनुसार व फाइलीच्या प्रकारानुसार शोध घ्यावा. शेवटी दूरसाठ्याचे खाते ब्राउझरमधून उघडून त्यातील कचरापेटी पाहावी. गूगल ड्राइव्ह व वैयक्तिक वनड्राइव्ह यांत पुसलेल्या फायली ३० दिवस राहतात, म्हणून येथे विलंब करू नये.

दक्षता : घर, संगणक किंवा नोकरी बदलते, तेव्हा प्रत हरवण्याचा संभव सर्वाधिक असतो. नाशिकजवळील एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्रासारख्या, कर्मचारी वसाहत असलेल्या ठिकाणी बदली वा निवृत्तीनंतर बिऱ्हाड हलते. जुना संगणक विकला जातो, डिस्क सामानात राहते आणि तिची किल्ली ज्या कार्यालयीन खात्यात नोंदलेली असते ते खाते बंद होते. त्यामुळे घरगुती प्रतीसाठी खाजगी खातेच वापरावे व किल्ली कागदावर लिहून दस्तऐवजांबरोबर ठेवावी. घरातील आणखी एका व्यक्तीस ती जागा ठाऊक असावी. अन्यथा खातेदाराच्या मृत्यूनंतर कुटुंबाची छायाचित्रे व जमिनीच्या कागदांच्या प्रती डोळ्यांसमोर असूनही उघडता येत नाहीत. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे गूगलचे धोरण डिसेंबर २०२३ पासून अंमलात आले आहे, हेही ध्यानात ठेवावे.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचलित केलेल्या ३-२-१ या सूत्रानुसार माहितीच्या तीन प्रती, दोन भिन्न माध्यमांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या स्थळी असावी. प्रत घेऊन होताच बाह्य डिस्क काढून ठेवावी, कारण मे २०१७ मधील वॉनाक्रायसारखे खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या डिस्कवरील फायलीही कुलूपबंद करतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीची माहिती चुकून पुसली गेली, तेव्हा नियमित राखीव प्रती प्रत्यक्षात तयारच होत नव्हत्या असे आढळले. अखेर सुमारे सहा तास आधीच्या एका प्रतीवर काम भागवावे लागले. म्हणून वर्षातून दोनदा तरी राखीव प्रतीतील काही फायली दुसऱ्या संगणकावर उतरवून व उघडून पाहाव्यात. जी प्रत अशी उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर भरवसा ठेवून मूळ माहिती पुसू नये. [⟶ संगणक].