भयानक रसाची सद्यःस्थिती

भुताखेतांचे चित्रपट पाहून आता कोणी भीत नाही, ही तक्रार अलीकडे सर्रास कानी येते. ती करणाऱ्यांत, ज्यांची उमेदीची वर्षे आमच्या छत्रपती संभाजीनगरातील सादिया, अंजली, अंबा-अप्सरा अशा चित्रगृहांच्या अंधारात आणि रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८) यांच्या अमदानीत गेली, ते गृहस्थ जसे आहेत, तसेच अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर ‘कॉन्ज्युरिंग’ संपवून निर्धास्त झोपी जाणारे त्यांचे नातूही आहेत. आणि दोन पिढ्यांचे एकमत होणे मुळातच दुर्मीळ असल्यामुळे, ही फिर्याद निकाली काढण्यापूर्वी तिची रीतसर तहकीकात करणे अगत्याचे ठरते.

आजच्या बहुसंख्य भयपटांची सारी भिस्त दचक्यावर आहे, हे प्रथमच कबूल करून टाकावे. या तंत्राचा अव्वल नमुना १९४२ च्या ‘कॅट पीपल’ या अमेरिकन चित्रपटात सापडतो. रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्याने एक तरुणी झपझप चालली आहे, मागून येणारी पावले एकाएकी थांबली आहेत, आणि झाडी हलते न हलते तोच कर्कश फूत्कार टाकीत चौकटीत शिरते ती श्वापदाऐवजी प्रवासी बस. निर्माते व्हॅल ल्यूटन आणि दिग्दर्शक झाक तूर्नर यांची ही युक्ती अंगावर काटा आणते, कारण तिच्याआधी पावलांचा दीर्घ, तालबद्ध अवधी आहे. त्यांच्या वारसांनी बस तेवढी ठेवली आणि पावले गाळली. आता पडद्यावर शांतता पसरून कॅमेरा आरशाकडे किंवा अर्धवट उघड्या कपाटाकडे वळला, की आमच्या प्रोझोन मॉलमधील रात्रीच्या खेळाचा प्रेक्षक कानांत बोटे घालून सज्ज होतो, गडगडाट होतो, सारी रांग उडते आणि पाठोपाठ हशा पिकतो. शरीराने आपले काम चोख बजावलेले असते, कारण पापण्या मिटणे आणि खांदे आक्रसणे हे विचाराच्या परवानगीने होत नाही. पण वाहनतळापर्यंत सोबत नेण्याजोगे त्यातले काही उरत नाही.

भयाचा टिकाऊपणा पाहायचा असेल तर तीसेक किलोमीटरवरचे वेरूळचे १५ वे, दशावतार लेणे गाठावे. तेथील भैरव मुंडमाळा लेवून असुराला त्रिशुळावर तोलीत उभा आहे. परंतु नजर खिळते ती त्याच्याजवळच्या कालीवर. खोल गेलेले डोळे, पसरलेले मुख, उरलेला नुसता हाडांचा सापळा, एका हातात वाकडी सुरी आणि दुसऱ्या हातात रक्त धरण्यासाठी वाडगा. बारा शतकांहून अधिक काळ ती आवाज न करता, जागची न हलता पाहणाऱ्याच्या पोटात गोळा आणते आहे. मला सुरीपेक्षा त्या वाडग्याची दहशत अधिक वाटते. सुरीत क्रोध आहे आणि क्रोध केव्हातरी शमतो, वाडग्यात नित्याची भूक आहे.

भरतमुनींनी बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती सांगितली आणि त्याला कृष्ण वर्ण व काल ही देवता नेमून दिली. अभिनवगुप्तांनी शाकुंतलातील, बाणाच्या धाकाने मान वळवून पळणाऱ्या हरिणाचा दाखला घेऊन दाखवले की, रसिकाच्या प्रत्ययाला येणारे भय ना हरिणाचे असते ना त्याचे स्वतःचे. व्यक्ती, स्थळ आणि काळ यांच्या सरहद्दी ओलांडून ते साधारण होते. त्याच विवेचनात रसास्वादाची विघ्ने येतात आणि त्यांच्या अग्रभागी आहे समोरची गोष्ट संभवनीयच न वाटणे. स्वतःच्या सुखदुःखात गुरफटलेले चित्त हेही एक विघ्नच. दर दोन मिनिटांनी फोनकडे वळणारा प्रेक्षक त्या काश्मिरी आचार्यांनी हजार वर्षांपूर्वीच हेरून ठेवला होता, असे म्हणण्याचा मोह होतो.

संभाव्यतेचा हा प्रश्न आपल्याकडे पूर्वी अखेरच्या रिळात खुलासा करून सोडवीत. ‘महल’ने (१९४९) हिंदीत ती वहिवाट पाडली आणि मराठीत ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) पर्यंत भुतामागे माणूस किंवा मन निघत राहिले. वाचकाला अशी सुटका देण्याचे बंधन नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या लेखणीने मानले नाही, पण पडद्याला ते धैर्य यायला फार वेळ लागला. मधल्या काळात ‘झपाटलेला’ (१९९३) आला आणि भूत विनोदाच्या चाकरीत रुजू झाले. आज ‘स्त्री’ आणि ‘मुंज्या’ (२०२४) यांच्या तिकीटबारीवरील यशाने ती चाकरी कायम झाली आहे. हशाशी माझे वैर नाही, ‘झपाटलेला’तला तात्या विंचू मलाही प्रिय आहे. परंतु पिंपळावरचा मुंजा म्हणजे सोडमुंजेपूर्वीच दगावलेला पोर, आणि त्याच्या वात्रटपणावर हसताना त्या बालमृत्यूचे सुतक कोणालाच आठवत नाही.

‘तुंबाड’ (२०१८) या पसाऱ्यात एकटा उभा आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी धारपांची कथा प्रथम ऐकली ती नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून, नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आले, आणि खऱ्या पावसाच्या हट्टापायी चित्रीकरण कित्येक पावसाळे रेंगाळले. भाषा हिंदी, पण वाडा, लोभ आणि सोवळेपण अस्सल मराठी. विनायकराव दोराला लोंबकळत धरित्रीच्या गर्भात उतरतो, स्वतःभोवती पिठाचे रिंगण आखतो आणि कणकेची बाहुली पुढे करतो. हस्तर या शापित देवाला सोन्याची वाण नाही, मुद्रा त्याच्या कटिवस्त्रातून ओघळतात. ज्या अन्नावरचा त्याचा हक्क देवांनी कायमचा खालसा केला, त्या अन्नासाठी तो वखवखलेला आहे. वेरूळच्या वाडग्यातली भूक ती हीच. ही अघोरी विद्या बाप मुलाला शिकवतो, तेव्हा त्याच्या स्वरात मुरलेल्या कारकुनाने उमेदवाराला दप्तर समजावून द्यावे तसला थंडपणा असतो, आणि ते पाहताना घशाला जी कोरड पडते तिला कोणत्याही गडगडाटाची गरज लागत नाही. भुतापेक्षा ते शिकवणे भयंकर आहे.

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) आणखी जवळ येतो. गर्भार नायिका (पूजा सावंत) उसाने वेढलेल्या घरात आसरा घेते आणि घरधनीण (उषा नाईक) तिची मायेने उस्तवार करते. ऊस डोक्याच्या वर गेला की फडात दोन हातांपलीकडचे दिसत नाही आणि पाते अंगाला कापते, हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच भर उन्हातली ती प्रसन्न हिरवाई बघता बघता छातीवर दडपण आणते. या खेळाच्या तळाशी मुली नकोशा होण्याचा जुना गुन्हा आहे. २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या ८०७, राज्यात सर्वांत कमी. हा आकडा ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला संभाव्यतेचे विघ्न कोठून आडवे येणार? ऑस्ट्रेलियातील ‘द बाबाडूक’ने (२०१४) एका विधवेच्या थकव्यातून आणि न जिरलेल्या शोकातून जे साधले, ते येथे उसाच्या फडाने साधले आहे.

‘तुंबाड’ १३ सप्टेंबर २०२४ रोजी पुन्हा चित्रगृहांत आला आणि त्याने पहिल्या खेपेहून अधिक गल्ला जमवला. घरबसल्या तो पाहणे सहज शक्य असताना लोक तिकीट काढून गेले. शेजारच्या अनोळखी माणसाचा श्वास अडखळलेला ऐकू आल्याशिवाय भयाला पूर्णत्व येत नाही, हे त्यांना शास्त्र न वाचताच उमगले असावे. तेव्हा प्रेक्षक निर्ढावला ही फिर्याद मला तरी नामंजूर आहे.

आमच्या मराठवाड्यापुरते बोलायचे तर कच्च्या मालाचा तुटवडा नाही. भानामतीच्या धास्तीने येथील गावेच्या गावे एकेकाळी हवालदिल झालेली आहेत. जादूटोण्याविरुद्धच्या २०१३ च्या राज्य कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत, भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणे, काठीने झोडपणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे, मिरचीची धुरी देणे अशी कृत्ये सरकारी गद्याच्या निर्विकार शिस्तीत ओळीने नोंदवलेली आहेत. यातली प्रत्येक वस्तू घरातली आहे आणि ती उचलणारा हात बहुधा नात्यातला. कोणा पटकथाकाराने ती अनुसूची एकदा सावकाश वाचावी. ध्वनियोजकाला मात्र तूर्त सोबत घेऊ नये.