नागराजाला घर देण्यापूर्वी

वैशाखाचे ऊन तापू लागले, की सत्तरी, धारबांदोडे, सांगे या तालुक्यांतून नागराजाच्या बातम्या येऊ लागतात. कुठे कुळागरातल्या पाटाच्या कडेने तो धामणीच्या मागे लागलेला असतो, कुठे गोठ्याच्या वाशावर विसावलेला. सर्पमित्र येतात, त्याला मोठ्या शिताफीने पिशवीत घालतात आणि वनखात्याची माणसे त्याला रानात नेऊन सोडतात. इथवर सारे ठीक होते. परंतु जमलेल्या गर्दीतून एक सूचना हमखास येते : रानात कशाला सोडता, प्राणिसंग्रहालयात ठेवा, पोराबाळांना पाहावयास तरी मिळेल. वारुळाला सातेरी मानून हात जोडणाऱ्या मुलखातली ही सूचना असल्याने तिच्यामागे दुष्टावा नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ‘ठेवा’ म्हणणे सोपे आणि ठेवणे अतिशय कठीण, हे ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांनी तरी विसरू नये.

नागराज पिंजऱ्यात असूच नये, असा आमचा हट्ट नाही. कण्याला इजा झालेला, फावड्याचा घाव बसलेला, रानात पुन्हा जगू न शकणारा एखादा जीव सांभाळावाच लागतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ सालच्या दुरुस्तीनंतर हा साप पहिल्या अनुसूचीत आला आहे. वाघाला जे संरक्षण, तेच त्याला. मग वाघाच्या आवाराचा जेवढा विचार होतो, तेवढा त्याच्या घराचा का होऊ नये? काही वर्षांपूर्वी आम्ही एका प्राणिसंग्रहालयातली त्याची खोली पाहिली. सिमेंटची गुळगुळीत जमीन, मागच्या भिंतीवर रंगविलेली हिमाच्छादित शिखरे, वर भगभगीत दिवा आणि कोपऱ्यात पाण्याची परात. काच कोपऱ्यात तडकली होती आणि तडा चिकटपट्टीने झाकला होता. साप जाळीवर नाक घासून घासून रक्ताळलेला. आम्हांला त्या सापाची कीव आली, आणि जो नोकर रोज सकाळी त्या खोलीचे दार उघडत असेल त्याची त्याहून अधिक.

सुरक्षितता म्हणजे जाड काच आणि भक्कम कुलूप, अशी सर्वसाधारण समजूत आहे. स्टॉकहोमच्या स्कान्सेन मत्स्यालयात ऑक्टोबर २०२२ मध्ये जे घडले, त्याने ही समजूत मोडीत काढावयास हवी. तेथला दोन मीटरांहून अधिक लांबीचा नागराज काच न फोडता, कुलूप न मोडता नाहीसा झाला. तो गेला छतातल्या दिव्याच्या खोबणीतून. पूर्वीचा दिवा इतका तापत असे, की त्या फटीकडे कोणताही साप फिरकला नसता. पुढे वीज वाचविणारा थंड दिवा बसविला गेला आणि जी फट इतके दिवस उष्णतेने राखलेली होती ती उघडी पडली. भिंतींच्या पोकळीत तो कुठे दडला आहे हे शोधावयास क्ष-किरणांची यंत्रे आणावी लागली. आठवड्याभराने स्वारी आपण होऊन परतली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात मार्च २०११ मध्ये इजिप्शियन नागाचे हातभर लांबीचे पिल्लू निसटले आणि सर्पगृहाला काही दिवस टाळे लागले. तेही प्रेक्षकांसमोरच्या दालनातून निसटले नव्हते. मागच्या बाजूला जिथे प्राणी ठेवतात तिथून निसटले होते.

या दोन्ही घटनांत जे दिसते ते असे, की साप समोरून जात नाही, मागून जातो. आणि मागची बाजू आराखडा काढणाऱ्याला आणि उद्घाटन करणाऱ्या मंत्र्याला सारखीच अदृश्य असते. म्हणून आमच्या मते नागराजाचे घर मागून पुढे बांधावे. सर्वांत आधी सापाच्या लपण्याची पेटी. तिला सरकते झाकण हवे आणि ते बाहेरून, सुरक्षित अंतरावरून, दांड्याने लावता आले पाहिजे. सफाईच्या वेळी साप पेटीत, झाकण लावलेले, त्यावर कुलूप, आणि मगच माणूस आत : हा क्रम एकदाही चुकता कामा नये. नागराज शरीराचा सुमारे तिसरा हिस्सा उभा करू शकतो. चार मीटरांचा साप म्हणजे त्याचा फणा माणसाच्या कमरेच्याही वर आला. अशा जीवाला आकड्याने आवरीत एकीकडे फरशी पुसणे ही मर्दुमकी नव्हे, व्यवस्थेची दिवाळखोरी आहे. दार उघडण्यापूर्वी आत डोकावता येईल अशी खिडकी त्या दारातच हवी, कारण साप दिसत नाही तोवर तो दारामागेच आहे असे धरून चालावयाचे असते. दारे दोन हवीत, एकामागे एक. दोहोंमधल्या चौकात फट, नळ, गटार काही नको. पाणी वाहून जाणाऱ्या मोरीला बारीक, पक्की बसविलेली जाळी हवी, आणि तिची तपासणी दर पावसाळ्याआधी व्हावी. आपल्याकडच्या दमट हवेत खिळे आणि बिजागऱ्या किती लवकर गंजतात, हे समुद्रकाठच्या माणसाला सांगावयास नको.

आणि दंश झालाच तर? येथे आम्ही विशेष आग्रह धरतो. आपल्या रुग्णालयांत मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनविलेली आहे. नागराज हा नागाचा मोठा भाऊ नव्हे, त्याचे कुळच वेगळे. त्याच्या विषावर ही लस भरवशाची नाही. त्याच्यासाठीचे खास प्रतिविष बँकॉकच्या रेडक्रॉस संस्थेत तयार होत आले आहे. ते मागवून, योग्य तापमानात, मुदत पाहून ठेवल्याशिवाय आणि श्वासाचे स्नायू लुळे पडले तर कृत्रिम श्वासाचे यंत्र असलेल्या रुग्णालयापर्यंतची वाट ठरविल्याशिवाय एकाही संस्थेला हा साप ठेवण्याची परवानगी मिळू नये. नोकराचा पगार तुटपुंजा असतो. त्याच्या जिवाची किंमत त्या पगारावरून ठरविली जाऊ नये.

एवढे केले की मग सापाचा विचार. हा उघड्या माळावरचा प्राणी नव्हे. आगुंब्याच्या पावसातला, बांबूच्या बेटांतला, ओढ्याकाठचा हा राजा. तो झाडावर चढतो, पाण्यात पोहतो, आणि त्याची नजरही तीक्ष्ण असते. त्याला पूर्ण ताणून पसरता येईल एवढी लांबी, चढावयास जाड फांद्या, अंग बुडेल असे पाणी, एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा हवा, म्हणजे स्वतःचे ऊन-सावली त्याला निवडता येते. जमिनीवर पालापाचोळा जाड हवा. हे शोभेसाठी नव्हे. नागराजाची मादी जगातल्या सापांत एकटीच अशी, की पाने ओढून ढीग रचते, त्यात अंडी घालते आणि दोन-अडीच महिने त्यावर पहारा देते. हा ढीग असा रचलेला असतो, की वरचा पाऊस ओघळून जातो आणि आतली ऊब टिकते. सिमेंटच्या जमिनीवर ही कारागिरी कशाने करावयाची? लपावयास जागा मिळाली, तर साप जाळीवर नाक घाशीत नाही. तो शांत राहतो, आणि शांत साप नोकरालाही कमी धोक्याचा. प्रेक्षकाला तो प्रत्येक वेळी दिसणार नाही, ही तक्रार येईल. येऊ द्यावी.

खाण्याचा प्रश्न अवघडच आहे. तो साप खातो, आणि धामणीलाही कायद्याचे संरक्षण आहे. परदेशात सापाचा वास लावलेल्या उंदरांवर काही नागराज रुळविले गेले आहेत; कोणता मार्ग धरावयाचा, हे प्राणी आणण्यापूर्वी ठरले पाहिजे, नंतर नव्हे.

आणखी एक गोष्ट नुकतीच ध्यानी आली आहे. २०२४ साली संशोधकांनी नागराज ही एक जात नसून चार आहेत असे मांडले, आणि आपल्या पश्चिम घाटातल्या जातीला ‘कालिंग’ हे कन्नड मुलखातले नाव दिले. म्हणजे आजवर देशभर ज्या देवघेवी झाल्या, त्यांत ईशान्येकडचा नर आणि घाटावरची मादी एका खोलीत नांदविली गेली नसेलच, असे कोण सांगणार? यापुढे प्रत्येक साप कोणत्या रानातून आला, याची नोंद दारावरच्या पाटीइतकी ठळक हवी.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९३७ साली मलायातून पकडलेला एक नागराज वाढत वाढत ५.७१ मीटरांवर गेला होता. त्याहून लांब नागराजाची खात्रीची नोंद आमच्या वाचनात नाही. १९३९ च्या शरदात युद्ध सुरू झाले. बाँब पडून सर्पगृह फुटले तर काय, या भीतीने तेथले विषारी साप मारण्यात आले, त्यांत हाही गेला. त्याला ठेवणाऱ्यांचा स्वतःच्या भिंतींवर विश्वास नव्हता.

आमच्या राज्यात असे घर बांधावयाचा विचार कधी झाला, तर सरकारने त्याचा आराखडा लोकांपुढे ठेवावा, आणि काचेच्या दर्शनी भागाचे रंगीत चित्र नव्हे, तर मागच्या दाराचा, मोरीचा आणि दिव्याच्या खोबणीचा नकाशा आधी दाखवावा.