शिर नाही, धड मात्र लढते!

पुरंदरावर १६६५ साली मुरारबाजीचे शिर पडले तरी धड लढत राहिले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. तिच्यात इतिहास किती आणि भक्ती किती, ते पंडितांनी ठरवावे. मला ती आठवली भलत्याच ठिकाणी. मुळशी तालुक्यात, काकांच्या गोठ्यात, एका संगणकापुढे! या संगणकाला पडदा नाही, कळफलक नाही, माउस नाही. अशाला 'हेडलेस' म्हणतात. म्हणजे चक्क बिनमुंडक्याचा.

हा उपद्व्याप कशासाठी, ते आधी सांगतो. काका ऐंशीच्या घरातले. काकू गेल्यापासून पौडच्या पलीकडे जुन्या घरात एकटेच राहतात. पुण्याला चला म्हटले की विचारतात, "तुमच्या तिसऱ्या मजल्यावर बसून मी काय कबुतरे मोजू?" घर आणि रस्ता यांच्यामध्ये ओढा, ओढ्यावर साकव. वर डोंगरात पाऊस कोसळला की अंगणात नुसती भुरभुर असतानाही ओढा तासाभरात फुगतो. आणि काका पहाटे पाचला, अंधारात, बॅटरी घेऊन दूध घालायला साकव ओलांडणार म्हणजे ओलांडणार! शेवटी सौभाग्यवतीच म्हणाल्या, "त्यांना आणता येत नाही ना? मग निदान ओढ्यावर तरी नजर ठेवा."

ती नजर म्हणजे रास्पबेरी पाय. मुलांनी संगणक नुसता वापरू नये, त्याच्याशी खेळावे, या हेतूने केंब्रिजच्या मंडळींनी २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ही पाटी विक्रीला काढली. मी घेतली ती तिची धाकटी बहीण, झीरो डब्ल्यू. काडेपेटीहून जराशी लांबट, आणि वायफाय अंगातच असलेली.

आता, पडदाच नाही तर या बाळाला काही सांगायचे कसे? अभिमन्यूला सांगितले तसे, जन्माआधी! या संगणकाची सारी बुद्धी नखाएवढ्या मेमरी कार्डात असते. ते कार्ड पुण्यातल्या आमच्या नेहमीच्या संगणकात घातले. 'रास्पबेरी पाय इमेजर' नावाची फुकट मिळणारी आज्ञावली त्यावर सगळी यंत्रणा लिहिते. पण लिहिण्याआधी विचारते, यंत्राचे नाव काय, मालक कोण, परवलीचा शब्द कोणता, घरच्या वायफायचे नाव काय, आणि दुरून आज्ञा घ्यायच्या की नाहीत? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. दुरून आज्ञा देण्याच्या वाटेला एसएसएच म्हणतात. हेलसिंकीच्या एका विद्यापीठात जाळ्यावरून जाणारे परवलीचे शब्द कोणी चोरून ऐकले, तेव्हा तातू य्लोनेन या संशोधकाने १९९५ साली ती कुलूपबंद वाट तयार केली. पायमध्ये २०१६ पासून ती मुळात बंदच येते; आपण उघडावी लागते. पूर्वी तर प्रत्येक पायचा मालक 'पाय' आणि परवलीचा शब्द 'रास्पबेरी' असे. साऱ्या आळीला एकच किल्ली! २०२२ पासून ही चाल बंद झाली, ते बरे झाले.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. या धाकटीला २.४ गिगाहर्ट्झचेच वायफाय कळते. ५ चे नाव दिलेत तर ती बिचारी मुकी बसेल, आणि पडदा नसल्याने का रुसली तेही कळणार नाही.

कार्ड घातले, वीज दिली. हिरवा दिवा लुकलुकला. दोन-चार मिनिटे धीर धरून ओसरीवर मांडीतल्या लॅपटॉपवरून हाक मारली, आणि गोठ्यातून ओ आली! काका म्हणाले, "अरे, पण ते आहे कुठे?" त्यांना गोठ्याच्या आढ्याखालचा प्लॅस्टिकचा डबा दाखवला. म्हशींनी मात्र अजिबात दखल घेतली नाही.

साकवाच्या तुळईखाली पाणी न शिरणारा ध्वनिमापक लावला आहे. तो खाली आवाज सोडतो, पाण्यावरून प्रतिध्वनी येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. जाण्यायेण्याचा वेळ निम्मा करून गुणले की पाणी किती खाली आहे ते कळते. हे मापक ५ व्होल्टने उत्तर देते आणि पायला ३.३ च्या वर सोसत नाही, म्हणून मध्ये दोन रेझिस्टर घालावे लागतात. चार-दोन रुपयांचे काम. पण ते टाळले तर पाटी जळायची भीती.

खरा वैरी वीज! मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याला जाते, तिथे त्याची वीज होते, ती मुंबई उजळते. या धरणापायी १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो याच खोऱ्यात. आणि इथे पहिल्या वळवाला दिवे जातात! लिहिता लिहिता वीज गेली की कार्ड बिघडते. अभिमन्यूला बाहेर पडणे ठाऊक नव्हते, तसेच हे. म्हणून कार्डावर काही लिहायचेच नाही, सारे तात्पुरत्या स्मृतीत ठेवायचे, अशी सोय पायमध्ये आहे ती चालू केली. शिवाय एक बॅटरी जोडली.

पण वायफाय पडले तर? पुण्यात माझ्या फोनवर आकडा येणार नाही, हे चालेल. काकांना मात्र कळलेच पाहिजे. तेव्हा गोठ्यातून ओसरीपर्यंत तार ओढून एक तांबडा दिवा टांगला. पाणी तुळईखाली दोन हातांवर आले की तो आपोआप लागतो. त्याला ना इंटरनेट लागते, ना मी.

जुलैत एका रात्री साडेतीनला माझ्या फोनवरचे आकडे थांबले. काकांना फोन केला, लागेना. सहाला त्यांचाच आला. "दिवा लागलाय. दूध आज घरातच आटवतोय. बासुंदीला या, पण पाणी उतरल्यावर."