उंबरठ्यातली वायर

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची नजर गेली, की आपण काय करतो? ताट हातात देतो, हात धरून गॅलरीत नेतो आणि खुर्चीत बसवून सांगतो, ‘‘आता इथंच बसा हं, उठू नका!’’ सांगतो प्रेमापोटीच, पण त्या माणसाला ती कैदच वाटते.

बदलापूरच्या शिरगावात आमच्या घरी हेच झालं. काचबिंदूनं सासूबाईंची दृष्टी गेली. वाचनाचं वेड मात्र तसंच! मुलानं कॉम्प्युटरवर एन.व्ही.डी.ए. नावाचा प्रोग्रॅम घालून दिला. पडद्यावरचा मजकूर तो मोठ्यानं वाचतो, मराठीसुद्धा. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं २००६ साली तो बनवायला घेतला, आणि तो फुकट मिळतो बरं का! शिवाय २०१६ साली सुरू झालेलं ‘सुगम्य पुस्तकालय’ हे अंध वाचकांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय आहेच.

पण कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आणि सासूबाईंचा जीव स्वयंपाकघरात. म्हणून मुलानं स्पीकरची लांब वायर आतपर्यंत ओढली. तिसऱ्याच दिवशी उंबरठ्यात त्याच वायरीत पाय अडकून त्या पडल्या. मनगटावर निभावलं, पण त्यांचा धीर खचला. ‘‘नकोच ते पुस्तक,’’ म्हणाल्या.

मग आणला बिनवायरीचा, म्हणजे ब्लूटूथचा स्पीकर. आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगते.

जागा कुठली?
साधा ब्लूटूथ साधारण दहा मीटर पोचतो, तोही मोकळ्या जागेत. मध्ये जाड भिंत किंवा लोखंडी कपाट आलं, की आवाज तुटतो. मायक्रोवेव्ह चालू असतानाही खरखर होऊ शकते, कारण दोघांच्या लहरी जवळपास सारख्याच. तेव्हा स्पीकर दाराच्या रेषेत, ओट्यापासून दूर, आणि रोज एकाच जागी ठेवा. ‘‘जरा सरकवून ठेवला’’ म्हणजे अंध माणसासाठी तो हरवलाच!

बटणं कशी ओळखायची?
निव्वळ काचेवर बोट फिरवायचा स्पीकर घेऊ नका. हाताला लागतील अशी उठावदार बटणं हवीत. चालू-बंदच्या बटणावर एक टिकली चिकटवा. सासूबाईंना ती युक्ती फार आवडली.

पहिला शब्द का गिळतो?
काही स्पीकर शांततेत झोपी जातात आणि जागे होईतो वाक्याची सुरुवात निसटते. शिवाय आवाज क्षणभर उशिरा येतो. पुस्तक ऐकताना ते जाणवत नाही, पण टाइप करताना गोंधळ उडतो. म्हणून टायपिंगला वायरचा हेडफोन आणि ऐकायला स्पीकर, अशी वाटणी करा.

घरभर हवा असेल तर?
साधा ब्लूटूथ बहुधा एकाच स्पीकरशी जुळतो. दोन-तीन खोल्यांत आवाज हवा, तर घरातल्या वायफायवर चालणारे स्पीकर घ्यावे लागतात. ते महाग, आणि त्यांचं मोबाइलवरचं अ‍ॅप बोलून दाखवणाऱ्या सोयीसह चालतं का, हे दुकानातच तपासा.

आता महत्त्वाचं. एकदा शेजारीण चहाला आलेली असताना स्पीकरनं सासूबाईंची पेन्शन आणि बँकेतली शिल्लक खणखणीत आवाजात वाचून दाखवली! त्या दिवशी त्या कोणाशी बोलल्या नाहीत. आपलं पत्र आपल्याआधी सगळ्यांनी वाचावं, हे आपल्याला तरी चालेल का? मग मुलानं सेटिंग बदललं. एन.व्ही.डी.ए.चा आवाज कुठून यावा, हे त्याच्या सेटिंग्जमध्ये निवडता येतं. विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमधून बाकीच्या प्रोग्रॅमचंही तसंच करता येतं. आता खासगी वाचन हेडफोनमध्ये, बोलकी पुस्तकं आणि रेडिओ स्वयंपाकघरात.

आपल्या पुढच्याच वांगणी स्टेशनजवळ कितीतरी अंध कुटुंबं राहतात. लोकलमध्ये विक्री करून स्वतःचा संसार चालवतात. त्यांना पाहिलं की कळतं, आंधळ्या माणसाला दया नको असते; वाटेतली वायर तेवढी उचललेली हवी असते.

सासूबाई आता मेथी निवडत कादंबरी ऐकतात. मी मध्ये बोलले, तर म्हणतात, ‘‘थांब गं, आत्ताच रंगात आलंय!’’