आपले कोणत्या बाजूला होते?

कोरेगाव भीमाची मुले लग्नाकार्याला बाहेरगावी गेली, की गावाचे नाव सांगताना जरा चाचरतात. कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'म्हणजे ते दंगलीचे गाव का?' आज दहावीत असलेली ही मुले १ जानेवारी २०१८ ला सात-आठ वर्षांची होती. त्यांना लावून घेतलेली दारे आठवतात, धूर आठवतो. बाकीचे सगळे मोठ्यांकडून ऐकलेले.

त्या परिसरातल्या एका हायस्कूलमध्ये इतिहास आणि राज्यशास्त्राच्या तासांना आम्ही दिवसभर बसलो. आपल्या घरांत गणित-विज्ञानाला शिकवणी लागते आणि हे विषय 'परीक्षेच्या आधी पाठ कर' एवढ्यावर सुटतात. आमच्या घरीही तेच चालते, म्हणून मुद्दाम गेलो.

दहावीचे इतिहासाचे पुस्तक इतिहासलेखनाच्या परंपरेपासून सुरू होते. सरांनी पुस्तक मिटले आणि नदीपलीकडच्या स्तंभाकडे वर्ग वळवला. हा जयस्तंभ लोक कोरेगावचा म्हणतात, पण तो पुलापलीकडे पेरणे गावच्या हद्दीत, हवेली तालुक्यात आहे. १ जानेवारी १८१८ ची लढाई. कंपनीचे सैनिक साधारण ८००. दुसऱ्या बाजीरावाची फौज किती, तर एका पुस्तकात २० हजार, दुसऱ्यात २८ हजार. "आकडा कोणी लिहिला, कशासाठी लिहिला, हे आधी विचारायचे," सर म्हणाले. स्तंभावर कंपनीच्या ४९ मृत सैनिकांची नावे आहेत. त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, त्यावरून ते महार सैनिक असल्याचे ओळखता येते.

दुसऱ्या बाकावरच्या, ओढणी नीट डोक्यावर घेतलेल्या मुलीने विचारले, "सर, आपले कोणत्या बाजूला होते?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी सांगितले, की कंपनीच्या पलटणीत महारांबरोबर मराठे, राजपूत, मुसलमान आणि ज्यूही होते. पेशव्यांच्या बाजूने नदी ओलांडून गावात शिरलेल्या पायदळात अरब होते, गोसावी होते, मराठे होते.

"म्हणजे दोन्हीकडे," ती म्हणाली.

"मग आमचेही दोन्हीकडेच," मागून एक मुलगा पुटपुटला. यावर मात्र कोणी हसले नाही.

कंपनीने स्तंभ आपल्या पराक्रमासाठी उभारला. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले आणि त्याच दगडाचा अर्थ बदलला. हे फार भरभर झाले. खरे तर यावर आणखी एक तास हवा होता, पण घंटा झाली.

मधल्या सुट्टीनंतर राज्यशास्त्र. बाईंनी विषय काढला चौकशी आयोगाचा. २०१८ च्या हिंसाचारानंतर फेब्रुवारीत शासनाने कलकत्ता उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. एका मुलाने विचारले, "आयोग शिक्षा कोणाला देणार?" त्याच्या अब्बांची टपरी त्या दिवशी जळाली होती.

"कोणालाच नाही," बाई म्हणाल्या. १९५२ च्या कायद्याने नेमलेला आयोग साक्षी नोंदवतो, कारणे शोधतो, शिफारशी करतो. त्या शासनाला बंधनकारक नसतात. शिक्षा देणे न्यायालयाचे काम. आम्ही पन्नाशी ओलांडली, तरी आयोग आणि न्यायालय यांत आमची गल्लत होत होती, हे कबूल केलेले बरे.

"मग भरपाई?"

"त्याला पंचनामा लागतो. तुमचा झाला होता का?" त्याला माहीत नव्हते. "घरी विचारून ये."

पुढचा अर्धा तास मुलींच्या पेन्सिली थांबल्या नाहीत. अटक झालेल्याला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते, हे संविधानाच्या २२व्या कलमात आहे. साक्षीदार म्हणून महिलेला किंवा १५ वर्षांखालच्या मुलाला पोलिस ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी घरी येऊन विचारायचे. आणि वकील परवडत नसेल, तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते.

"पण अब्बांची कमाई बरी असेल तर?" ओढणीवाली मुलगी.

"महिलांना आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही. १९८७ चा कायदा आहे." हे वाचणाऱ्या भगिनींनीही लिहून ठेवावे. तलाक, पोटगी, मेहरच्या कज्ज्यात किती जणी केवळ वकिलाच्या फीपायी गप्प बसतात, ते आपण पाहतोच.

आठवड्याने बाईंना फोन केला. तो मुलगा पंचनामा घेऊन आला होता. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली झेरॉक्स, त्यावर टपरीतल्या सामानाची यादी, आणि अब्बांचे नाव आधार कार्डापेक्षा वेगळे. 'शेख'च्या जागी 'शेक', 'मोहम्मद'चे 'महमद'. असली नावे दुरुस्त करायला अर्ज कुठे आणि कसा करायचा, हे वर्गात कोणालाच ठाऊक नव्हते. बाई म्हणाल्या, "मलाही नव्हते. सोमवारी तहसीलमध्ये विचारून येते, मग त्यावरच तास घेते."