युडीकोलनच्या रिकाम्या बाटल्या : पेण–रोहा परिसरातील एका उपेक्षित साधनाचा कालनिर्णय

पुरुषांच्या क्षौरोत्तर द्रवाची किंवा युडीकोलनची रिकामी बाटली हे इतिहासाचे साधन होऊ शकते, ही गोष्ट प्रथमदर्शनी कोणालाही थोडी हास्यास्पद वाटेल. मडक्यांच्या खापरांना जी प्रतिष्ठा मिळाली आहे ती काचेला अद्याप मिळालेली नाही. तथापि विसाव्या शतकातील निमशहरी जीवनाचा विचार करताना ही बाटली बाजूस सारता येत नाही. ती दूरच्या कारखान्यात तयार होते, आगबोटीने किंवा मोटारीने तालुक्याच्या गावी येते, दुकानदाराची चिठ्ठी अंगावर घेते आणि रिकामी झाल्यावरही घरात दीर्घकाळ नांदते. ह्या प्रत्येक टप्प्याची खूण तिच्यावर उमटलेली असते. प्रश्न एवढाच की, त्या खुणा वाचावयाच्या कशा.

पेण आणि रोहा ही गावे ह्या अभ्यासाला सोयीची आहेत, ती त्यांच्या भूगोलामुळे. पेणला धरमतरच्या खाडीतून मुंबईचा माल येत असे. कुंडलिकेच्या काठचे रोहा-अष्टमी हेही खाडीमार्गाने समुद्राशी जोडलेले होते. पुढे रस्त्याची आणि १९८६ मध्ये आपटा–रोहा लोहमार्गाची सोय झाली. मुंबईच्या बाजारात आलेली नवी वस्तू येथे पोहोचण्यास फार विलंब लागत नसे. पण मुंबईसारखी ती लगोलग टाकूनही दिली जात नसे. बाटलीत खोबरेल राही, घासलेट राही, कोकमाचे आगळ राही. म्हणून एखादी बाटली कोणत्या वर्षी तयार झाली आणि कोणत्या वर्षी उकिरड्यावर गेली, ह्या दोन प्रश्नांची उत्तरे येथे वीस-पंचवीस वर्षांच्या अंतराने येऊ शकतात. नवशिक्या संग्राहकाची सर्वांत मोठी गफलत येथेच होते.

प्रथम आकाराविषयी. आकारावरून काळ सांगण्याचा मोह फार असतो आणि तो बहुधा फसवितो. कोलोन शहरातील फरिनांची पेढी १७०९ ची. त्याच शहरातील ‘४७११’ ह्या प्रसिद्ध युडीकोलनची षट्कोनी बाटली १८२० साली योजिली गेली आणि ‘मोलानस’ ह्या नावाने ती आजतागायत चालू आहे. दोनशे वर्षे न बदललेला आकार काळाविषयी काय सांगणार? तिच्यावरील देशनाम मात्र पुष्कळ सांगते. ‘पश्चिम जर्मनी’ असा उल्लेख असल्यास ती १९४९ पूर्वीची असू शकत नाही, आणि १९९० नंतरची असण्याचा संभव अत्यल्प.

काचेच्या सांध्याचा पुरावा ह्याहून अधिक विश्वसनीय मानला जातो. साच्यात फुंकून केलेल्या बाटलीवर साच्याच्या दोन अर्धांची रेघ अंगावरून वर चढते, पण ओठापाशी थांबते. कारण ओठ नंतर हाताने घडविलेला असतो. पूर्ण स्वयंचलित यंत्रावर केलेल्या बाटलीत हीच रेघ ओठावरून पलीकडे जाते. ओवेन्स ह्यांचे यंत्र अमेरिकेत १९०३ च्या सुमारास सिद्ध झाले. त्यामुळे अमेरिकन संग्राहकांच्या कोष्टकांत ‘रेघ ओठाखाली थांबली, तर बाटली विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वीची’ असा सुटसुटीत नियम आढळतो. हा नियम कोकणात आणणे धोक्याचे आहे. आपल्याकडे पैसा फंडाचा तळेगावचा काच कारखाना १९०८ मधला आणि कऱ्हाडजवळचा ओगले काच कारखाना १९१६ मधला. हाताने व अर्धयंत्राने काच घडविण्याची पद्धत भारतात अमेरिकेच्या मानाने पुष्कळ नंतरपर्यंत टिकली. म्हणून ओठापलीकडे गेलेली रेघ ही पूर्वसीमा देते (त्याआधीची नव्हे, एवढे सांगते). परंतु ओठाखाली थांबलेली रेघ येथे जवळजवळ काहीच सिद्ध करीत नाही. परदेशी कोष्टक समोर ठेवून १९४० च्या बाटलीला १८९० ची ठरविणे हा अभ्यास नव्हे, व्यापार होय.

काचेपेक्षा कागद अधिक बोलतो; पण कोकणच्या पावसात तो टिकत नाही. कसर, वाळवी आणि ओल ह्यांतून वाचलेले वेष्टन म्हणूनच मौल्यवान समजावे. त्यावरील किंमत आणे-पैंत असेल, तर छपाई सामान्यतः १९५७ च्या एप्रिलपूर्वीची. ‘नवे पैसे’ हे शब्द १९५७ पासून १९६४ च्या मध्यापर्यंतच अधिकृत होते, त्यामुळे ते दिसताच सात वर्षांची अरुंद चौकट हाती येते. माप औंसांत आहे की मिलिलिटरांत, हे पाहावे. दशमान मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असल्यास तो १९७२ च्या ऑगस्टनंतरचा. प्रसाधनांना औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आणणारी दुरुस्ती १९६२ ची व तिचा अंमल १९६४ पासूनचा. तेव्हा प्रसाधन म्हणून दिलेला उत्पादन-परवान्याचा क्रमांक त्यानंतरचा काळ सुचवितो. सर्व करांसह कमाल किंमत छापण्याची सक्ती १९९० मधली. स्थानिक दुकानाच्या चिठ्ठीवर ‘जिल्हा कुलाबा’ असेल, तर तीही उपयोगी. हा जिल्हा १९८१ मध्ये रायगड झाला. मात्र जुने छापील कागद संपेपर्यंत वापरणे हा दुकानदाराचा धर्मच असल्यामुळे अशा तारखांना चार-दोन वर्षांची ढील द्यावी.

ह्या सर्वांहून रोचक पुरावा कायद्याचा आहे, आणि तो थेट ह्या द्रवाच्या स्वरूपाशी निगडित आहे. युडीकोलन म्हणजे मुख्यतः मद्यार्क. मराठी मध्यमवर्गीय घरात ते शृंगाराच्या मेजावर क्वचितच असे. ते औषधांच्या कपाटात असे, आणि ताप चढला म्हणजे कपाळावर कोलनवॉटरच्या पट्ट्या ठेवल्या जात. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण दारूबंदी आली, तेव्हा कायद्याच्या व्यापक व्याख्येनुसार मद्यार्क असलेला कोणताही द्रव ‘दारू’ ठरत होता. कुलाबा जिल्हा ह्याच राज्यात होता. म्हणजे तापकरी मुलाच्या उशाशी असलेली बाटली आणि चोरून आणलेली ब्रँडी ह्यांत कायद्याने भेद करावयाचा की नाही, असा हा प्रश्न होता. फ्राम नसरवानजी बलसारा ह्यांनी मुंबई उच्च न्यायालयात केलेल्या अर्जात व्हिस्की-ब्रँडीबरोबर युडीकोलन व लॅव्हेंडर वॉटर ह्यांचाही स्पष्ट उल्लेख होता. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी कायद्याचा बहुतांश भाग वैध ठरविला; परंतु मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने बाळगणे, विकणे व वापरणे ह्यांवरील बंदी नागरिकांच्या मालमत्तेच्या हक्कावर अवाजवी निर्बंध घालते, म्हणून तेवढ्यापुरती ती रद्द केली. पुढे १९५२ च्या दुरुस्तीने, मादक पेय म्हणून वापरण्यास अयोग्य असलेल्या प्रसाधनांना वगळणारे कलम आले. आणि १९५५ च्या केंद्रीय कायद्याने मद्यार्कयुक्त औषधांवर व प्रसाधनांवर अबकारी कर बसविला. तेव्हापासून बाटलीतील मद्यार्काचे प्रमाण हा हिशेबाचा विषय झाला. वेष्टनावर ते प्रमाण छापलेले आढळल्यास संग्राहकाने ते अक्षरशः उतरून घ्यावे. तो केवळ रसायनाचा नव्हे, शासन आणि घर ह्यांच्यातील वादाचा अवशेष आहे.

क्षौरोत्तर द्रवाची कथा निराळी. येथील न्हाव्याची पेटी तुरटीच्या खड्यावर संतुष्ट होती. वस्तऱ्यानंतर तीच फिरविली जाई. अमेरिकेत ‘ॲक्वा व्हेल्वा’ १९१७ पासून विकले जाऊ लागले. ‘ओल्ड स्पाइस’ हे पुरुषांचे प्रसाधन शुल्टन कंपनीने १९३८ मध्ये आणले. त्याच्या आरंभीच्या बाटल्या हल पॉटरीच्या, म्हणजे मातीकामाच्या होत्या. नंतर दुधी काच आली. हा फरक डोळ्यांना सहज जाणवत नाही, पण तळाची न झिलईलेली कड बोटाला जाणवते. शुल्टन कंपनी १९७० च्या सुमारास अमेरिकन सायनामिडकडे आणि १९९० मध्ये प्रॉक्टर अँड गँबलकडे गेली. उत्पादकाचे नाव हाच तेथे मुख्य आधार. भारतात गोव्यामध्ये परवान्याने तयार झालेल्या बाटल्याही अमेरिकन बाटल्यांसारख्याच दिसतात. त्यामुळे जहाजाचे चित्र पाहून समाधान न मानता तळाचा आणि पाठीचा मजकूर वाचणे अवश्य आहे. दक्षिण रायगडातील अनेक कुटुंबांचा आखाती देशांशी संबंध असल्याने अरबी अक्षरांची वेष्टनेही येथे अनपेक्षित मानू नयेत.

बाटली, बूच आणि वेष्टन ह्यांचा काळ स्वतंत्रपणे ठरवावा. रिकाम्या बाटल्या विकत घेऊन पुन्हा भरण्याचा धंदा जुना आहे. अस्सल बाटलीत नक्कल द्रव आणि त्यावर परके झाकण, असा संकर वारंवार संभवतो. तिन्ही भागांत जो सर्वांत अलीकडचा, तोच संपूर्ण वस्तूची पूर्वसीमा ठरवितो. समजा, रोह्यातील एखाद्या माळ्यावरील बाटलीची रेघ ओठापर्यंत पोहोचत नाही, वेष्टनावर किंमत नव्या पैशांत आहे आणि झाकण प्लास्टिकचे असून त्यावर ८९० ने सुरू होणाऱ्या पट्टीसंकेताचा तुकडा चिकटला आहे. येथे काच कोणत्याही दशकातील असू शकेल, वेष्टन १९५७–६४ चे आहे, आणि वस्तू ह्या स्वरूपात एकत्र आली ती मात्र भारतीय मालावर पट्टीसंकेत रूढ झाल्यानंतर, म्हणजे शतकाच्या अगदी अखेरीस किंवा त्याही पुढे. तिला ‘१९६० ची बाटली’ म्हणणे हे अर्धसत्यही नव्हे.

उकिरड्यातील थरांवर विसंबताना आणखी एक सावधगिरी हवी. १९८९ च्या जुलैमध्ये अंबा नदीला आलेल्या महापुराने जांभूळपाडा आणि रोहा तालुक्यातील नागोठणे येथे हाहाकार केला. अशा पुराच्या वाटेवरील जमिनीत वरचे खाली आणि खालचे वर झालेले असते. तेथे सापडलेल्या बाटलीची खोली मोजणे व्यर्थ आहे. माळे, पोटमाळे आणि बंद पडलेली केशकर्तनालये ही त्या मानाने अधिक शुद्ध स्थाने होत, परंतु तीच झपाट्याने नाहीशी होत आहेत. घर पाडताना काच भंगारवाल्याकडे वजनावर जाते आणि वेष्टन, चिठ्ठी, बूच ह्यांसह सारा पुरावा भट्टीत वितळतो. म्हणून मिळालेली बाटली प्रथम धुऊ नये. जागा, खोली, शेजारच्या वस्तू, घरमालकाने सांगितलेला तिचा नंतरचा उपयोग आणि आत राहिलेल्या द्रवाचा वास ह्यांची नोंद आधी करावी, पाणी नंतर.